बासष्ट नंबरचं निकेल

अण्णा,

तुमच्या धाकट्याने मला या वयात पार वेड लावायचं ठरवलंय. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, या अठरा वर्षांत घरात काय काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगत बसले नाही, कारण ऐकून तुम्ही करणार काय होतात. पण आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही. गेल्या महिन्यात त्याने तळोज्याची आपली शेड एका माणसाच्या घशात घालायची तयारी केली होती. तुम्ही उभी केलेली तीन टाक्यांची निकेल प्लेटिंगची शेड, सात कामगारांसकट. कागद तयार होते, बेलापूरला वकिलाकडे सह्यांसाठी शुक्रवार ठरला होता. आणि हे सगळं कशापायी, तर मनगटाएवढ्या जाडीच्या एका लोखंडी नळीपायी, जिच्यात म्हणे चिमूटभर निकेलची पावडर आणि जरासा हायड्रोजन घातला की दिलेल्या विजेच्या तिप्पट उष्णता बाहेर पडते. सहा महिने. न थांबता. मी कपाळावर हात मारला तो अजून तिथेच आहे.

तो माणूस स्वतःला संशोधक म्हणवतो. नावाआधी डॉक्टर लावतो. कशातला डॉक्टर हे मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्याने हसून चहा मागवला. गोड बोलतो, हे मात्र खरं. पहिल्यांदा मी त्याला शेडमध्येच पाहिलं. नळ घासून चमकवायच्या बफिंगच्या मशीनशेजारी टेबल मांडून त्यावर त्याने ती नळी ठेवलेली, वरून काचेच्या लोकरीचं जाड पांघरूण, एका बाजूने वायरी आत गेलेल्या, दुसऱ्या बाजूने रबरी पाइपातून वाफ फुसफुसत बाहेर येतेय. धाकटा शेजारी उभा, छाती पुढे काढून, नळीवर हात ठेवून. "अक्का, आपण आयुष्यभर निकेल लोकांच्या नळांवर चढवत बसलो," तो मला म्हणतो, "आणि त्याच्या पोटात एवढी आग होती हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही." मी म्हटलं, पोटात आग तर आपल्या सगळ्यांच्याच असते, आधी जेवून घे. तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की प्रकरण हाताबाहेर गेलंय.

त्याची बाजू मी समजून घेत नाही असं नाही. टाक्या तापवायला किती वीज लागते हे तुम्हीही जाणत होतात. टाकीतलं हिरवं पाणी पंचावन्न अंशांच्या आसपास ठेवायचं, एक दिवस गार राहिलं की आतले नळ काळे निघतात. तुमच्या वेळेस निदान कामं रांगेत उभी असायची. आता लोक प्लॅस्टिकवर क्रोमसारखा रंग मारून नळ विकतात आणि गिऱ्हाईक तेच घेतं. सांडपाण्याचे नियम दर वर्षी बदलतात, ते बरोबरच आहेत, पण पाळायचे म्हणजे एक माणूस त्यालाच लागतो. धाकटा अठरा वर्षं या सगळ्याला एकटा भिडलाय. मग एक दिवस कुणीतरी येतं आणि सांगतं की तुमच्याकडे जे निकेल आहे तेच इंधन आहे, तुमच्यासारखा निकेलचा जाणकार मला शोधून सापडला नसता, तुम्ही आमचे डायरेक्टर व्हा, टाक्या काढून टाका, इथे पहिला प्रकल्प उभा राहू दे. अशा वेळी माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतोच. निकेल नसतं आणि दुसरं काही असतं, तांबं किंवा जस्त, तर आपला धाकटा फसला नसता. त्याने त्या माणसाला हाकलून दिलं असतं. निकेल म्हटलं की त्याला वाटतं, यातलं आपल्याला कळतं.

आता तुम्हाला एका जुन्या गोष्टीची आठवण करून देते. मी आता जिथे आहे त्या तपासणीच्या लॅबमध्ये नुकती लागले होते. नेरूळच्या घरात, स्वयंपाकघरात आपण जेवत बसलोय, आई भाकऱ्या थापतेय, तुमच्या बोटांना निकेलच्या पाण्याने पडलेल्या भेगांमुळे तुम्ही कालवणाला जरा घाबरून हात लावताय. तुम्ही विचारता, "तुजं काम काय असतं गं नक्की?" मी सांगते की कशात कुठला धातू किती ते मोजते, आणि एका यंत्रावर तर एकाच धातूतले हलके-जड प्रकारही वेगळे मोजता येतात. तुम्ही घास तसाच हातात धरून म्हणता, "निकेल म्हंजे निकेल. त्यात हलकं-जड कुठलं?" मग मी आईच्या पिठाच्या डब्यावर बोटाने आकडे काढते. निकेलची पाच सख्खी भावंडं आहेत, अण्णा, रंग एक, चमक एक, आम्लात विरघळायची रीत एक, वजन मात्र वेगळं. अठ्ठावन्न नंबरचं शंभरातले अडुसष्ट, साठ नंबरचं सव्वीस, बासष्ट नंबरचं साडेतीनच्या आसपास, आणि बाकी दोन अगदी नावाला. जमिनीतून काढा, तुमच्या टाकीतून काढा, कुठल्याही देशातून आणा, हे प्रमाण तेच. तुम्ही म्हणता, "आन् कुणाला फकस्त बासष्ट पायजे असलं तर?" मी म्हणते, करता येतं. निकेलचा वायू करायचा आणि तो प्रचंड वेगाने फिरवायचा, ताक घुसळावं तसं, जड ते कडेला जातं, हलकं मध्ये राहतं. असं शेकडो वेळा केलं की एकाच नंबरचं जवळजवळ शुद्ध निकेल हाताला लागतं. परदेशात विकतही मिळतं, चिमटीने मोजून. तुम्ही हातातला घास खाली ठेवता आणि विचारता, "त्यानं प्लेटिंग जादा चमकतं?" मी म्हणते, नाही. "मग कशाला येवढा उपद्व्याप," असं म्हणून तुम्ही भाकरी मोडता. आई हसते. धाकटा तिथेच बसलेला असतो, अण्णा, पण तो मोबाइलवर सापाचा गेम खेळत असतो. त्याने त्या दिवशी कान दिला असता तर आज मला हे लिहावं लागलं नसतं.

तर तो माणूस पुरावा घेऊन आला, तोही नेमका माझ्याच कामातला. म्हणाला, हे नुसतं तापणं नाही, आत निकेलचं रूपच बदलतं. हायड्रोजन निकेलच्या गाभ्यात शिरतो, हलकं निकेल जड होतं, आणि ती सगळी ऊर्जा बाहेर पडते. तुमच्या बहिणीच्या लॅबमध्ये यंत्र आहे ना, तिथेच तपासून घ्या, म्हणजे घरचीच साक्ष. धाकट्याने शनिवारी माझ्या हातात दोन कुप्या आणून दिल्या. एकीवर लिहिलेलं, आधीची. दुसरीवर, नंतरची. दोन्हीत करडी पावडर, नखावर मावेल एवढी. मी त्याला म्हटलं, हे कुणी भरलं? "सरांनी. माझ्यासमोर." म्हणजे नळीतून तुझ्यासमोर काढलं? "नळी नाही उघडता येत अक्का, सील असतं. त्यांनी आधीच काढून ठेवलेलं कुपीत भरलं, माझ्यासमोर." एवढं ऐकून मी त्याला तिथूनच परत पाठवायला हवं होतं. मी काय केलं, तर त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला. नेहमीच्या गिऱ्हाइकासारखा.

सोमवारी दुपारी मी स्वतः ती चाचणी लावली. एरवी त्या यंत्रावर मसाल्यातलं शिसं नाहीतर औषधाच्या गोळ्यांमधलं आर्सेनिक असलं काहीतरी असतं. आधीची कुपी अगदी शहाण्या मुलासारखी वागली, अडुसष्ट, सव्वीस, साडेतीन. मग नंतरची लावली. पडद्यावर अठ्ठावन्नच्या जागी जवळजवळ काही नाही. साठच्या जागी काही नाही. बासष्टच्या जागी मात्र सुळका, शंभरातले अठ्ठ्याण्णव तरी. मी यंत्र धुतलं, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. तेच. खोटं कशाला बोलू, चहा टेबलावर निवत होता तेवढा वेळ मी, तुमची ही शंकेखोर लेक, मानून चालले होते की जगात आजवर न घडलेलं काहीतरी आपल्या तळोज्याच्या शेडमध्ये, तुमच्या बफिंगच्या मशीनशेजारी घडलंय. आणि मला आनंद झाला होता. लोकांना वाटतं आमच्यासारख्यांना नवीन काही नकोच असतं, आम्ही नाक मुरडायला टपलेलेच असतो. तो माणूसही तेच म्हणायचा, "मॅडम, प्रत्येक क्रांतीला आधी हसतातच." अरे बाबा, ज्यांना हसतात ते सगळे क्रांतिकारक नसतात ना. बहुतेकांना लोक हसतात कारण ते हसण्यासारखंच बोलत असतात.

चहा संपला आणि डोकं चालायला लागलं. अठ्ठावन्नचं बासष्ट व्हायचं तर ते मध्ये साठवरून, एकसष्टवरून जाणार, वाटेत काहीतरी अर्धवट राहिलेलं सापडणारच. इथे वाट झाडून पुसून स्वच्छ. चौसष्ट नंबरचं मूळचं जे थोडं असतं, ते तर बासष्टच्याही पुढचं, ते का नाहीसं झालं? शिवाय निकेलच्या गाभ्यात असली उलथापालथ झाली तर इतके किरण बाहेर पडतील की जवळ उभं राहणाऱ्याची धडगत नाही, आणि आपला धाकटा त्या नळीवर हात ठेवून फोटो काढून घेत होता. तो धडधाकट होता हाच मला सगळ्यात मोठा पुरावा होता. मग भिंगाखाली बघितलं. आधीच्या पावडरीचे कण काटेरी, एकसारखे बारीक; नंतरचे मोठाले, गुळगुळीत. तापण्याआधीची आणि सहा महिने तापल्यानंतरची अशी एकच पावडर नव्हतीच ती. दोन वेगळ्या बाटल्यांतल्या दोन वेगळ्या पावडरी होत्या. एक साधी, आणि दुसरी घुसळून वेगळी केलेली, विकतची. दुपारी चारच्या आत मला हे सगळं कळलं होतं, अण्णा. ही वेळ मी मुद्दाम लिहून ठेवते.

रिपोर्टमध्ये आम्ही आकडे देतो, मतं देत नाही. आणि प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी, बारीक अक्षरात, एक ओळ असते: नमुना ग्राहकाने आणून दिला आहे, निष्कर्ष फक्त मिळालेल्या नमुन्यापुरते आहेत. म्हणजे तुम्ही जे दिलंत त्यात काय आहे ते आम्ही सांगितलं. ते कुठून आलं ते तुम्ही जाणा. सगळा धंदा त्या एका ओळीवर उभा आहे आणि ती ओळ आजवर एकाही गिऱ्हाइकाने वाचलेली नाही. मी आकडे टाकले, सही केली, रिपोर्ट पाठवला. संध्याकाळी धाकट्याचा फोन.  "अक्का, बासष्ट आलं. तुझ्या सहीने आलं. आज अण्णा पाहिजे होते गं." मी म्हटलं, रिपोर्ट नीट वाच. शेवटची ओळ वाच. तो म्हणाला, "वाचली वाचली." कसली वाचतोय. पालथ्या घड्यावर पाणी. रिपोर्टचा अर्थ ग्राहकाला फोनवर सांगायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

मध्येच तुमच्यावरही मला बोलायचंय, आता सुरुवात केलीच आहे तर. धाकटा वीस वर्षांचा असताना तुम्ही त्याला पहिल्यांदा एक अख्खी लॉट एकट्याला दिली होती, आठवतं? पितळी नळांच्या पट्ट्या. तो रात्रंदिवस तिच्यामागे होता. चमक अशी आली होती की त्यात तोंड दिसावं, आणि तो ती रांगेत मांडून तुमची वाट बघत उभा. मीही त्या दिवशी डबा द्यायला आले होते. तुम्ही आलात, एक पट्टी उचललीत, पान्यात धरून सरळ वाकवलीत. वाकल्या जागी निकेल कांद्याच्या सालीसारखं सुटून आलं. पितळ नीट धुतलंच नव्हतं त्याने. सातही माणसं बघत होती. तुम्ही ओरडला नाहीत, ओरडला असतात तर बरं झालं असतं. ती सोललेली पट्टी त्याच्या हातात दिलीत आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "हिला इचारलं असतंस तरी सांगितलं असतं." मला प्लेटिंगचं ओ की ठो कळत नव्हतं, अण्णा. मी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी होते एवढंच. पण मला फार बरं वाटलं होतं. तुमचं म्हणणं चूक होतं असं नाही, लॉट वाईटच होती. पण तुम्ही आम्हा दोघांत जो डाव मांडून गेलात तो आम्ही अजून खेळतोय.

गुरुवारी शेडमध्ये मोठा कार्यक्रम. नारळ, हार, पेढे. त्या संशोधकाने माझा रिपोर्ट मोठा करून छापून आणून भिंतीला लावलेला, माझ्या सहीसकट, तळाची ओळ मात्र कापलेली. ती बघून माझं टाळकं सरकलं. लोकांसमोर त्याचं भाषण चाललेलं, मानवजात, स्वातंत्र्य, तेलाचे राजे, दडपलेलं सत्य. आपले नावडे गावचे मामा, तुमच्या वेळेपासून टाकीवर असलेले, मागे खांबाला टेकून उभे. भाषण संपल्यावर ते शांतपणे पुढे आले आणि विचारलं, "साहेब, वाफ त आमचे घरचे कुकरला पन येते. या टाकीचा पानी तापवून दाखवा ना. पंचावन्न झाला का मी हात जोरीन." लोक हसले. पण तो प्रश्न माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा होता. एवढी उष्णता निघते तर पाइप टाकीत सोडा, थर्मामीटर लावा, तासाभरात सगळं उघड. त्या माणसाने सांगितलं, टाकीतल्या क्षारांनी नळीचं संतुलन बिघडेल. मग साध्या पाण्याच्या बादलीत सोडा, मी म्हटलं. बादलीचंही काहीतरी बिघडत होतं.

मग मी पर्समधून माझी कुपी आणि चमचा काढला. म्हटलं, मला माझ्या हाताने नमुना घ्यायचाय. नळीतून. आत्ता, सगळ्यांसमोर. तो माणूस म्हणाला, "मॅडम, सहा महिने अखंड चाललेली नळी आहे, उघडली तर प्रक्रिया मोडेल." आणि तेव्हा धाकटा पुढे आला. मला वाटलं आता हा मला बाहेर काढणार. तो म्हणाला, "मोडू दे सर, परत भरू. हिच्या हाताचा रिपोर्ट असला ना, की उद्या बेलापूरला कुणी तोंड उघडणार नाही. माझी बहीण आहे, ती कुणाला खोटं पडू देत नाही." आणि त्याने स्वतः वीज बंद केली, नळी निवेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिला, पान्याने तोंड उघडलं आणि मला जागा करून दिली. मी आतली पावडर चमच्याने काढली, कुपी बंद केली, चिठ्ठीवर त्याची सही घेतली. तो सही करताना हसत होता.

शुक्रवारी सकाळी आठला यंत्रावर बसले, साडेनऊला निकाल हातात होता. अडुसष्ट, सव्वीस, साडेतीन. जमिनीतून निघतं तसलं, टाकीत असतं तसलं, बाजारातलं साधं निकेल. मी रिक्षा केली आणि शेडवर गेले. अकराच्या चहाची वेळ धरून गेले. सगळे बाकांवर बसलेले, तो माणूस खुर्चीत, धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून बेलापूरला निघायच्या तयारीत. मी उभ्यानेच वाचून दाखवलं. आधी आकडे, मग त्यांचा अर्थ, मग सोमवारच्या कुपीत काय होतं आणि ते कुठे विकत मिळतं. अगदी सावकाश, एकेक वाक्य, मामांनाही कळेल असं. तो माणूस म्हणाला, या नळीत कालच नवीन पावडर भरली होती. धाकट्याने त्याच्याकडे बघून हळूच विचारलं, "सर, काल तर तुम्हीच म्हणालात सहा महिने चाललेली आहे."  त्या माणसाने नळी पांघरुणात गुंडाळली, गाडीत ठेवली आणि मीटिंग आहे म्हणून निघून गेला. कुणी अडवलं नाही. धाकटा सगळ्यांच्या मध्ये उभा होता, कान लाल झालेले, हातात तो बेलापूरच्या कागदांचा फोल्डर. तो फोल्डर टेबलावर ठेवून म्हणाला, "बरं." मग मामांना म्हणाला, "हीटर लावा." आणि शर्टाच्या बाह्या वर करून टाकीकडे गेला.

शेड वाचली. टाक्या जागेवर आहेत, सातही माणसं कामावर आहेत. इथे मी पत्र थांबवलं असतं तर तुम्ही मला शाबासकी दिली असतीत, आणि मी ती घेतलीही असती.

पण सोमवारी चारला मला सगळं माहीत होतं. तो नियम, अर्थ फोनवर सांगायचा नाही, तो परक्या गिऱ्हाइकांसाठी आहे. सख्ख्या भावाला घरी जाऊन सांगू नये असा नियम कुठल्याही लॅबमध्ये नाही. सोमवारी रात्री तो माझ्याकडेच जेवला, अण्णा. मी त्याला वाढलं. तो बोलत होता आणि मी ऐकून घेत होते. दोन वाक्यांचं काम होतं. मला वाटत होतं, असं नको. चार भिंतींत नको. सगळ्यांसमोर दिसू दे. शुक्रवारीही फोन करता आला असता, तो घरीच होता दहापर्यंत. मी चहाची वेळ धरली. त्याचे कान लाल झाले तेव्हा मला वाईट वाटलं, पण आधी बरं वाटलं. या क्रमाने.

आणि मधल्या तीन दिवसांत व्हायचं ते होऊन गेलं. मंगळवारी, माझ्या सहीचा रिपोर्ट हातात घेऊन, त्याने तुमच्या जुन्या नळवाल्या शेठना फोन केला. तुमच्या पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. त्यांना सांगितलं की आम्ही प्लेटिंग बंद करतोय, तुम्ही दुसरीकडे बघा, आयत्या वेळी तुमची अडचण नको. भला माणूस, आधी कळवलं. त्यांनी बुधवारी दुसरीकडे काम लावलं आणि आता ते परत येत नाहीत, येतील असं दिसतही नाही. तीनपैकी एक टाकी रिकामी आहे. धाकट्याला वाटतं हे त्याच्या घाईने झालं. मी सोमवारी बोलले असते तर मंगळवारचा फोन गेलाच नसता, हा हिशेब त्याच्या डोक्यात येत नाही, कारण मला आधीपासून माहीत होतं हेच त्याला माहीत नाही. त्याला वाटतं मला शुक्रवारी सकाळी कळलं आणि मी रिक्षाने धावत आले.

तो सगळ्यांना सांगतो, अक्का होती म्हणून वाचलो. सोसायटीत सांगतो, त्याच्या सासुरवाडीला सांगतो, परवा भाजीवालीलाही सांगत होता. मी शेजारी उभी असते आणि जुडी निवडत राहते. राग मला त्याचा येतो, नवल वाटतं ना? एवढा कसा हा भोळा, अजूनही शेवटची ओळ वाचत नाही.

तो समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, दुसऱ्या मजल्यावर. हे पत्र खरं तर त्याला लिहायला हवं होतं. पण त्याला दिलं तर तो ते वाचेल, अण्णा. म्हणून तुम्हाला लिहिलं.